ॲपचे प्रसारण: त्यापूर्वीचे टप्पे आणि चाचण्या

एखादे नवे वाण शेतकऱ्यांच्या हाती पडण्यापूर्वी संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर, नंतर अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या बहुस्थानीय चाचण्यांत आणि पुढे प्रत्यक्ष शेतावर पारखले जाते, हे विस्तार कार्यकर्त्यांस सांगावयास नको. खतमात्रा, फवारणी वा सिंचनाचा सल्ला देणारे ॲपही अशाच टप्प्यांतून जाणे अपेक्षित असते. वाणाबद्दल ‘ते प्रसारित झाले आहे काय?’ असे आपण आवर्जून विचारतो. ॲपबद्दल हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

सॉफ्टवेअरचे काम गरजनिश्चितीपासून सुरू होते. त्यानंतर आराखडा व प्रत्यक्ष आज्ञावली-लेखन. सर्वांत महागात पडणारे दोष बहुधा पहिल्याच टप्प्यात शिरतात. समजा, गरजपत्रकात केवळ ‘क्षेत्र’ असे लिहिले, एकक नमूद केले नाही. हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असल्यास ४६ टक्के नत्र असलेला युरिया हेक्टरी सुमारे २१७ किलो लागतो. एकरी सुमारे ८८ किलो. शेतकऱ्याने एकर समजून ‘१’ भरला आणि ॲपने तो हेक्टर मानला, तर ४५ किलोच्या दोन गोण्यांऐवजी जवळजवळ पाच गोण्या एका एकरात पडतील. आकडेमोड अचूक, परंतु पीक आणि पैसा दोन्ही धोक्यात. १९९९ मध्ये ‘नासा’चे मंगळाकडे गेलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान अशाच एककांच्या घोळामुळे गमवावे लागले होते.

लेखन होत असतानाच चाचणी सुरू होते. घटक चाचणीत खतमात्रेचे सूत्र स्वतंत्रपणे तपासतात. एकत्रीकरण चाचणीत मृदा आरोग्य पत्रिकेतील आकडे त्या सूत्रापर्यंत बिनचूक पोहोचतात की नाही, हे पाहतात. संपूर्ण ॲप विकसकांच्या संस्थेतच वापरून पाहणे ही अल्फा चाचणी. गुगल प्लेवरील अंतर्गत चाचणीत कमाल १०० व्यक्ती सहभागी करता येतात. त्यापुढे बंदिस्त व खुली चाचणी असते.

बाहेरच्या मर्यादित वापरकर्त्यांकडून होते ती बीटा चाचणी, आणि आपला खरा संबंध येथेच येतो. कार्यालयातील विकसकाकडे नेटवर्क अखंड असते. तो देवनागरी अंकांत ‘२.५’ लिहून पाहत नाही, क्षेत्र गुंठ्यांत भरत नाही, आणि बिघ्याचे माप प्रांतोप्रांती बदलते याची त्यास कल्पना असेलच असे नाही. हे दोष बांधावरच उघड होतात. मात्र ‘ॲप चालत नाही’ एवढ्या तक्रारीने दुरुस्ती होत नाही. काय भरले, कोणते उत्तर अपेक्षित होते, कोणते आले, आवृत्ती क्रमांक व फोनचे मॉडेल कोणते, एवढे लिहून पडद्याचे छायाचित्र जोडावे. शिवाय बीटा आवृत्तीने सांगितलेली मात्रा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीशी, कीटकनाशक असल्यास लेबलवरील मजकुराशीही, ताडून पाहिल्याविना शेतकऱ्यास सांगू नये. चाचणीतील वाणाचे बियाणे आपण गावभर वाटत नाही.

बीटातील गंभीर दोष दूर झाल्यावर अंतिम उमेदवार आवृत्ती सिद्ध होते. तीत नवी सुविधा घालत नाहीत, केवळ दुरुस्त्या करतात. तीही निर्दोष ठरली की प्रसारण, आणि तेही अनेकदा प्रथम थोड्याच वापरकर्त्यांना.

येथे वाणाशी असलेले साम्य मात्र संपते. प्रसारित वाणाचे गुणधर्म टिकून राहावेत यासाठी बीजोत्पादनाची सारी व्यवस्था असते. ॲप मात्र रातोरात बदलते, आणि एक दोष काढताना पूर्वी नीट चालणारा भाग बिघडू शकतो. म्हणून विकसक प्रत्येक बदलानंतर जुन्या चाचण्या पुन्हा घेतात. विस्तार कार्यकर्त्यांनीही हाताने सोडवलेले एखादे उदाहरण दैनंदिनीत टिपून ठेवावे: एक एकर, हेक्टरी १०० किलो नत्र, युरिया ८८ किलो. ॲप अद्ययावत झाल्यावर प्रथम हेच उदाहरण भरावे. उत्तर २१७ आले, तर त्या दिवशी ॲप बाजूस ठेवून छापील शिफारसपत्रक वापरावे आणि विकसकास त्याच दिवशी कळवावे.