खेळाचा गणवेश आणि नायटा

आपला जिल्हा खो-खोचा. येथील सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार लाभला. मात्र भूममध्ये सराव करणारी मुले-मुली माझ्याकडे येतात, ती बहुधा जांघेत, काखेत खाज सुटते म्हणून. लाजेपायी महिनाभर कोणाला सांगत नाहीत.

हा नायटा, म्हणजे बुरशीचा रोग. बुरशीला ऊब व ओल हवी. घामेजलेली जर्सी दप्तरात कोंबली की दोन्ही आयतेच मिळते.

जर्सी व चड्डी त्याच दिवशी धुवावी. टंचाईत हे जड जाते, पण दोघांच्या कपड्यांना मिळून दोन बादल्या पुरतात. कपडे उलटे करून अर्धा तास साबणाच्या पाण्यात भिजवावेत. घाम आतल्या बाजूला असतो, शिवाय छापील नंबरही टिकतो. पॉलिस्टरची जर्सी उकळू नये. उन्हात पूर्ण वाळवावी, दमट अंगात घालू नये. नायटा झालेल्याचे टॉवेल व सुती आतले कपडे मात्र वेगळे, साठ अंश तापलेल्या पाण्यात धुवावेत. संघात जर्सीची अदलाबदल नको.

दुकानातून मनाने आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, नायटा आतल्या आत पसरतो. असे मलम चालू असेल तर ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जावे.