दगडमाती उपसणाऱ्या भाचीस

चि. मृणाल हिस,


तुझं पत्र वाचलं. श्टुटगार्टला बागबांधणी शिकायला जाऊन इतके दिवस झाले तरी एक झाड लावू दिलं नाही, नुसती खोदाई, खडी आणि फरशी, ही तुझी तक्रार. तुझी आई तर म्हणते, पोरीला परदेशात गवंड्याच्या हाताखाली पाठवलं. तिची समजूत मी घालीन. पण तुझे मालक तुला योग्य तेच शिकवताहेत.

आपल्याकडे लँडस्केपचं काम म्हणजे लॉन अंथरायचं, पामच्या कुंड्या मांडायच्या आणि उद्घाटनाचा फोटो काढायचा. पाणी कुठून जाणार, हे पहिल्या पावसाने सांगायचं. तू मीटरला दोन सेंटिमीटर उतार काढायला शिकते आहेस, खडीचा थर दाबून लेव्हल तपासते आहेस. हा हात बसायला वेळ लागतो. झाडांची नावं काय, मी तुला पावसाळ्याच्या सुट्टीत नर्सरीत शिकवली असती.

तुमची तीन वर्षांची तालीम कुणाच्या पैशावर चालते, याचा विचार केलास का? जर्मनीतल्या बागकाम कंपन्यांची बीजीएल नावाची संघटना आहे. तिच्याशी जोडलेली 'आउगाला' ही संस्था फक्त शिकाऊ मुलांसाठी आहे. कंपन्या आपापल्या पगारखर्चाच्या प्रमाणात तिच्यात वर्गणी भरतात आणि जो मालक शिकाऊ ठेवतो, त्याला त्यातून खर्चाचा काही भाग परत मिळतो. तुम्हाला अधूनमधून कंपनीबाहेरच्या केंद्रात यंत्रं चालवायला आणि दगड घडवायला पाठवतात, त्यालाही याच पैशाचा हातभार लागतो. थोडक्यात, धंद्याने धंद्यासाठी लावलेली भिशी. स्वतः एकही पोरगं शिकवत नाही असा मालकही त्यात पैसे घालतो, कारण उद्या त्यालाच शिकलेला हात लागणार असतो. आपल्याकडे एकाने माळी तयार करायचा आणि दुसऱ्याने दोन हजार जास्त देऊन पळवायचा. मग शिकवायचं कुणी आणि कशाला?

मात्र भारावून जाऊ नकोस. बीजीएल ही मालकांची संघटना आहे. तुझं विद्यावेतन ती ठरवते तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला 'आयजी बाऊ' ही कामगार संघटना बसलेली असते. तिचं कार्यालय कुठे आहे ते विचारून ठेव आणि सभासद हो. मी स्वतः मालक असूनही हे सांगतोय, याची नोंद घे.

आता झाडांकडे येतो, कारण तुझा जीव तिथे अडकलाय. एफएलएल म्हणून एक संस्था १९७५पासून या धंद्याचे नियम लिहिते. शहरातल्या झाडासाठी मुळांना किमान बारा घनमीटर जागा आणि दीड मीटर खोली असावी, असं तिचं सांगणं आहे. आपल्याकडे घनमीटरभर खड्डा खणला तर कंत्राटदार उपकार केल्यासारखा बघतो आणि पुढच्याच वर्षी कुणीतरी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणून भिडवतो. वृक्षसंरक्षणाचा कायदा आपल्याकडे १९७५पासूनच आहे, पण तो मुख्यतः झाड तोडण्यावर नजर ठेवतो. जमिनीखाली झाडाला किती घर मिळालं, हे मोजायला आपल्याकडे कुणी जात नाही.

तुला लावायला मिळेल तेव्हा नीट बघ. मुळं जिथून फाकतात तो भाग मातीच्या वरच राहायला हवा. बुंधा खोल पुरला की झाड हळूहळू गुदमरतं आणि दोष माळ्यावर येतो. तीन खांबांच्या आधाराला झाड बांधतात ती दोरी हातात घेऊन बघ, काथ्याची असेल. कोवळ्या खोडाला उन्हापासून जपायला पांढरा लेप देतात, तो पाहून तुला आपल्या रस्त्याकडेचे गेरू-चुन्याचे पट्टे आठवतील. आपली माणसं अडाणी नव्हती, एवढं त्यातून कळतं.

सुट्टीच्या दिवशी किलेसबर्गपासून श्लॉसगार्टनपर्यंत चाल. दरीतल्या त्या शहरात उन्हाळ्यात हवा कोंडते, पण तिथे बागा एकमेकींना जोडत नेल्या आहेत. १९९३च्या आंतरराष्ट्रीय उद्यानप्रदर्शनाच्या वेळी तो सुमारे आठ किलोमीटरचा पट्टा पुरा झाला. अशी उद्यानप्रदर्शनं जर्मनीत १९५१पासून साधारण दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या शहरांत होतात आणि ती भरवणाऱ्या कंपनीची मालकी बागायतदार, बागबांधणीवाले आणि रोपवाटिकावाले या तिघांच्या संघटनांकडे आहे. मानहाइमला २०२३ साली अमेरिकन सैन्याच्या जुन्या छावणीवर भरलं होतं. तिकडेही जाऊन ये. प्रदर्शन उठल्यावर शहराच्या पदरात काय राहिलं ते बघ. फुलं काय, आपल्या एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातही दिसतात.

अजून एक. घरापुढची माती झाकून नुसती खडी पसरायची फॅशन तिथे बोकाळली, तेव्हा बीजीएलने २०१७मध्ये अंगण वाचवायची मोहीम काढली. २०२०मध्ये तुझ्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने कायद्यानेच अशा खडीच्या बागांना बंदी घातली. मोहिमेत संघटनेचा स्वार्थ होताच. खडीला दरमहा माळी लागत नाही. असू दे. शहराचं भलं आणि धंद्याची पोळी एकाच तव्यावर भाजत असेल तर मला त्यात वावगं वाटत नाही. फक्त गिऱ्हाइकाने खडीच मागितली तर तुझा मालक काय करतो, तेवढं लक्ष ठेवून मला कळव.

शिकाऊ नोंदवही रोजच्या रोज लिहीत जा. ती पुरी नसेल तर अंतिम परीक्षेला बसू देत नाहीत, हे तुला माहीत असेलच. पण 'आज फरशी बसवली' असं एका ओळीत उरकू नकोस. खाली कोणता थर, किती जाड, कशाने दाबला, पाणी कुठे काढलं, हे आकृतीसकट लिही. आणि जमिनीत केबल, गॅस, पाण्याचे पाइप असताना ती बारा घनमीटर जागा प्रत्यक्षात कशी काढतात, हे मुकादमाला खोदून खोदून विचार. त्या पानाचे फोटो मला पाठव. दिवाळीनंतर इथल्या नर्सरीवाल्यांची बैठक आहे, मराठीत करून मी ते सगळ्यांपुढे ठेवणार आहे.

थंडी सुरू होईल, हातमोजे चांगले घे, पैशाकडे बघू नकोस. आईला रविवारी फोन कर.

तुझा,
मामा