उघड्यावरची विमाने



आपल्या शाळेची यंदाची सहल गोव्याला गेली होती, हे तुम्हांला ठाऊकच आहे. एस.टी.त जागा मर्यादित, म्हणून सहावी-सातवीचीच मुले नेली. जे आले नाहीत त्यांच्यासाठी, आणि जे आले पण विमानापुढे उभे राहून फोटो काढण्यातच रमले त्यांच्यासाठीही, हा पाठ लिहीत आहे.

दाभोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर, नौदलाचे विमान-संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. तिथे आत दालन आहे, पण आमचा सारा वेळ अंगणातच गेला. कारण विमाने उघड्यावर उभी आहेत. वर आभाळ, खाली जमीन, आणि समुद्र इतका जवळ की ओठांवर खारट चव येते. माझे मामा मुद्दाम आमच्याबरोबर आले होते. तरुणपणी ते नौदलात विमानांच्या देखभालीचे काम करीत. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, तरी चाल पाहाल तर कवायतीतली!

मामांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती अशी : "पाटी नंतर वाचा रे. आधी विमान बघा. त्याचं काम त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं."

मग आम्ही तसेच बघू लागलो. सीलँड नावाच्या विमानाचे पोट होडीसारखे आहे आणि पंखांखाली दोन छोट्या होड्या टांगल्यासारखे तरंगे आहेत. शिवाय चाकेही आहेत. म्हणजे हे पाण्यावरही उतरणार आणि जमिनीवरही. पाटी वाचण्याआधीच हे एका मुलीने ओळखले. आपल्या नौदलाला मिळालेले हे पहिल्या जातीचे विमान. १९५३ साली ते कोचीला आले.

पुढे सी हॉक. हे जेट लढाऊ विमान. मामा म्हणाले, "शेपटाखाली वाका." वाकलो तर तिथे एक लोखंडी आकडा! विहिरीत पडलेली कळशी काढायला आपण गळ टाकतो ना, त्याच धर्तीचा. जहाजावर उतरताना विमान हा आकडा खाली सोडते. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात, त्यांतल्या एकीत तो अडकतो आणि विमान थोड्याच अंतरात थांबते. नाही अडकला, तर पूर्ण जोर लावून पुन्हा वर जायचे आणि फिरून यायचे. दुसरी खूण म्हणजे पंखातला सांधा. दाराच्या बिजागरीसारखा पंख वर दुमडतो. जहाजाच्या पोटात जागा थोडी, विमाने पुष्कळ, म्हणून ही सोय.

ही विमाने ज्या जहाजावर होती त्याचे नाव विक्रांत. हे जहाज ४ मार्च १९६१ रोजी आपल्या नौदलात दाखल झाले. त्याची लांबी सुमारे ७०० फूट. विमानतळाची धावपट्टी दोन-तीन किलोमीटर असते, तेव्हा एवढ्याशा जागेतून विमान उडायचे कसे? त्यासाठी वाफेच्या जोराची यंत्रणा असते. आपली बेचकी खडा फेकते तशी ती विमान फेकते. आणखी एक युक्ती आहे. पतंग वर चढवताना तुम्ही वाऱ्याकडे तोंड करून धावता की नाही? जहाजही वाऱ्याकडे तोंड करून वेगाने जाते, म्हणजे विमानाच्या पंखांना आयता वारा मिळतो. १९७१ च्या युद्धात नेमकी इथेच अडचण होती. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता, त्यामुळे पूर्ण वेग घेता येत नव्हता. तरीही ४ डिसेंबरला तिच्यावरून सी हॉक उडाली आणि त्यांनी कॉक्स बझार व चितगाव इथे हल्ले केले.

सी हॉकच्या जागी पुढे सी हॅरियर आले. त्याला आकडा शोधा, सापडणार नाही. पंखातला सांधाही नाही. मात्र दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशी चार धुराडी दिसतील. ती फिरवता येतात. खाली वळवली की विमान जागच्या जागी तरंगते आणि सरळ खाली उतरते, मग तार हवीच कशाला! ही विमाने २०१६ साली सेवेतून निवृत्त झाली.

मामा सगळ्यांत जास्त वेळ थांबले ते अलिझे नावाच्या विमानापाशी. फ्रान्समध्ये बनलेले, पंख्याचे, दिसायला साधेच. पोरे त्याला सोडून पुढे पळत होती. त्याचे काम पाणबुड्या शोधण्याचे. पोटातून रडारचा डबा खाली उतरतो. आत तीन माणसे बसतात. मामांनी मुलांना काचेकडे बोट करून तीन जागा दाखवल्या. १९७१ च्या डिसेंबरात अरबी समुद्रावर एक अलिझे शत्रूच्या जेट विमानाने पाडले, त्यातले तिघेही परत आले नाहीत. एवढे सांगून मामा गप्प झाले. एका मुलाच्या हातात खिळा होता, पंखावर नाव कोरायचा त्याचा बेत असावा. मामांनी पाहिले, पण रागावले नाहीत. त्याला जवळ बोलावून विचारले, "घरी जर्मनचं पातेलं आहे?" तो म्हणाला, "आहे." "त्यात मीठ-चिंच रात्रभर ठेवली तर?" "आय ओरडते. भोकं पडतात म्हणते."

विमानाचे अंगही त्याच ॲल्युमिनियमचे, इतर धातू मिसळून मजबूत केलेले. लोखंडाला तांबूस गंज चढतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि बारीक खड्डे पडत जातात. रंग अखंड असेल तोवर खारी हवा आत शिरत नाही. रंगाला ओरखडा पडला की तिला दार उघडले! मामांच्या वेळी समुद्रावरून आलेले विमान गोड्या पाण्याने धुवून काढीत. उभ्या विमानाचीही तीच चाकरी करावी लागते. मीठ धुवायचे, जुना रंग काढायचा, अस्तराचा हात द्यायचा, वर नवा रंग. भोकांत पाणी साचू द्यायचे नाही, पाखरांची घरटी काढायची. उन्हाने काच धुरकटते, टायर चिरतात. छपराखाली ठेवले तर हे सारे कमी होते, हे खरे. पण काही विमाने एवढी मोठी की त्यांच्यासाठी घरच नवे बांधावे लागेल. कोरणाऱ्याने खिळा खिशात टाकला. (खिसा नंतर फाटला, ती गोष्ट वेगळी.)

विक्रांतचे काय झाले, असे एकाने विचारले. ती १९९७ साली निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून ठेवली होती, लोक तिच्यावर चढून पाहत. पुढे ते बंद झाले आणि २०१४ साली ती भंगारात विकून मुंबईतच तोडली. २०२२ साली आलेली नवी विक्रांत वेगळी. म्हणून त्या जुन्या डेकवरच्या विमानाला हात लावायचा तर ते असे अंगणातच भेटते.

सर्वांत मोठे विमान मी शेवटी ठेवले आहे. सुपर कॉन्स्टेलेशन. चार इंजिने, प्रत्येकात अठरा सिलिंडर. शेपटीला एकाऐवजी तीन उभी पाती, म्हणजे उंची कमी राहून हँगरात शिरता यावे. हे मुळात एअर इंडियाचे प्रवासी विमान, नाव 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी! नंतर ते हवाई दलाकडे गेले आणि १९७६ साली नौदलाकडे आले. समुद्रावर दूरवर टेहळणी करणे हे तिचे म्हातारपणचे काम.

तिच्या पंखांचा विस्तार सुमारे ३७.५ मीटर आहे. काल सातवीच्या मुलांनी मैदानावर फक्कीने ती रेषा आखली. शेजारी सी हॉकची १२ मीटरची रेषा आहे. ध्वजस्तंभापासून सुरुवात केली, तर राणीचा पंख नळाच्या टाकीपलीकडे गेला. शनिवारी कवायतीनंतर सर्वांनी पावलांनी मोजून पाहावे. छोट्या मुलांनी आधी अंदाज सांगायचा, मग मोजायचे.