आतड्याची तटबंदी आणि एच. आय. व्ही.

रोहे तालुक्यातील धाटाव हे कुंडलिकेच्या काठी वसलेले रासायनिक उद्योगांचे क्षेत्र होय. पाळीने काम करणारा, घरापासून दूर खोली घेऊन राहणारा आणि खानावळीत जेवणारा कामगार अशा औद्योगिक वसाहतींतून नेहमीच आढळतो. जुलाब झाले तर तो पाण्याला दोष देतो, छातीत जळजळ झाली तर रात्रपाळीला; आणि पुष्कळदा त्याचे म्हणणे खरेही असते. मात्र एच. आय. व्ही.चा संसर्ग झालेला असल्यास पोटाच्या तक्रारीकडे इतक्या सहजतेने पाहता येत नाही.

हा केवळ रक्ताचा विकार आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या अस्तरात असतो. अन्नपाण्याबरोबर येणाऱ्या जंतूंना तेथेच अडवावे, अशी ही निसर्गाची योजना आहे. एच. आय. व्ही. ज्या सीडी-४ पेशींवर हल्ला करतो, त्या याच ठिकाणी विपुल असतात. त्यामुळे विषाणूचा शिरकाव कोणत्याही मार्गाने झालेला असो, पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातील या पेशींची मोठी हानी होते. रक्तातील सीडी-४ चा आकडा तेव्हा त्या मानाने कमी ढळलेला असतो. मनुष्य धडधाकट दिसतो व नित्याप्रमाणे कामावर जातो.

पेशी घटल्या की आतड्याचे अस्तरही कमकुवत होते आणि जंतूंचे अंश त्यातून रक्तात झिरपू लागतात. अमेरिकेतील संशोधकांनी २००६ साली ही गोष्ट प्रयोगांती दाखविली. या अंशांमुळे प्रतिकारशक्ती सतत चेतलेली राहते, शरीरात मंद दाह धुमसत राहतो आणि त्यातच ती शक्ती झिजते. युगांडात १९८५ च्या सुमारास हा रोग लोकांना ठाऊक झाला, तो जुलाब आणि झपाट्याने घटणारे वजन यांवरूनच.

औषधोपचाराने रक्तातील पेशी पुष्कळ भरून येतात. आतड्यातील पेशी मात्र सावकाश आणि बहुधा अपुऱ्याच. म्हणून उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके हितावह. भारतात १ एप्रिल २००४ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह निवडक शासकीय रुग्णालयांत ही औषधे विनामूल्य मिळू लागली. प्रारंभी सीडी-४ ची संख्या ठराविक पातळीखाली येईपर्यंत थांबावे लागे. २०१७ पासून ती अट राहिलेली नाही.

आता शासकीय केंद्रांतून बहुतेक प्रौढांना तीन औषधांची मिळून एकच गोळी दिली जाते. तीत डोल्युटेग्राव्हिर असते. येथे एक बारीकशी पण महत्त्वाची अडचण संभवते. आम्लपित्तावरील ज्या औषधांत ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असते, ती बरोबर घेतल्यास डोल्युटेग्राव्हिर पोटात नीट शोषले जात नाही. अशा वेळी गोळी त्या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी लागते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू आहे. मात्र त्या जेवणासोबत एकाच वेळी घेतल्यास चालते. औषध दुकानदाराला ही माहिती असेलच असे नाही. केंद्रातील डॉक्टरांना मात्र आपण घेत असलेले प्रत्येक औषध सांगितले पाहिजे. सुरुवातीला मळमळ किंवा जुलाब झाले, तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

दही-ताक पौष्टिक खरे, परंतु ते उपचाराची जागा घेऊ शकत नाही. प्रतिकारशक्ती क्षीण असताना पाणी खळखळून उकळून प्यावे, कारण दीर्घकाळ जुलाब घडविणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परोपजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी सुरू करावी. ते लांबल्यास, रक्त पडल्यास किंवा वजन घटू लागल्यास रुग्णालय गाठावे.

एका पंक्तीत जेवल्याने अथवा एकच शौचालय वापरल्याने एच. आय. व्ही. पसरत नाही. तरीही खोलीतले सोबती काय म्हणतील या धास्तीने गोळ्या लपविल्या जातात आणि मग चुकतात. २०१७ च्या कायद्याने या कारणावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली असून रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी विनामूल्य होते आणि १०९७ या क्रमांकावर दूरध्वनीवरूनही सल्ला मिळतो.