तिन्हीसांजेची सभा

व्यसनमुक्तीचा उपचार पुरा करून घरी परतलेला मनुष्य पहिले काही दिवस उमेदीत असतो. आणि मग एखाद्या तिन्हीसांजेला, आमच्या नाशिकात सातपूर-अंबडच्या कारखान्यातील पाळी सुटल्यावर किंवा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेतील फवारणी आटोपल्यावर, ज्या वळणावर त्याचे पाय आजवर गुत्त्याकडे वळत आले त्याच वळणावर तो एकटा उभा राहतो. त्याच्या खिशात माझ्या औषधांची चिठ्ठी असते, परंतु सोबतीला माणूस नसतो. ही उणीव डॉक्टर भरून काढू शकत नाही. ती स्वानुभवी मंडळींची सभा भरून काढते, असा माझा दृढ विश्वास आहे.

अशा सभांचा उगमही सोबतीच्या गरजेतूनच झाला. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरदलाल अमेरिकेतील ॲक्रन शहरी व्यवहारात अपयश घेऊन थांबला असता त्याला पुन्हा पिण्याची अनिवार ओढ लागली. तेव्हा त्याने टेलिफोनवरून विचारपूस करीत दुसऱ्या एका मद्यपीचा शोध घेतला. तो मद्यपी म्हणजे डॉ. रॉबर्ट स्मिथ, व्यवसायाने शल्यचिकित्सक. मद्याचे दुष्परिणाम या डॉक्टरांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. पण तीच यातना भोगलेल्या मनुष्याचे बोलणे त्यांच्या अंतःकरणाला भिडले. १० जून १९३५ हा त्यांच्या अखेरच्या प्याल्याचा दिवस ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’, म्हणजे ‘एए’, या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. या मार्गाला संशोधनाचाही आधार आहे: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय संशोधन-समीक्षेत २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींचा परामर्श घेण्यात आला. रुग्णाला पद्धतशीरपणे एएच्या मार्गाकडे वळविणारे उपचार हे अखंड मद्यत्यागाच्या बाबतीत इतर प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरले.

परंतु सभेला जाण्यापूर्वी एक ताकीद. जो अनेक वर्षे रोज भरपूर पितो, त्याने दारू आपल्या मनाने एकाएकी सोडू नये. थांबविल्यानंतर काही तासांतच हातापायांना कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून प्रथम त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा शासकीय रुग्णालयात अथवा आपल्या भरवशाच्या डॉक्टरांकडे जावे. १४४४६ या विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

आता निवडीचा प्रश्न. माझी पहिली शिफारस अशी, की सभा नावावरून न निवडता वेळेवरून निवडावी. ज्या घटकेला तुमची तलफ जागी होते, त्या घटकेला जी सभा भरते आणि जिच्या वाटेवर तुमचे जुने ठिकाण लागत नाही, ती तुमच्या उपयोगाची. पंचवटीत राहणाऱ्याला नाशिकरोडची सभा दोन दिवस जमेल, तिसऱ्या दिवशी अंतर हेच निमित्त होईल. दुसरी गोष्ट भाषेची: ज्या भाषेत तुम्ही भांडता आणि रडता, त्याच भाषेत तुम्हाला खरे बोलता येईल. ‘खुल्या’ सभेला कोणालाही जाता येते. ‘बंद’ सभा केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. एएमध्ये फी नाही, अर्ज नाही, आडनाव विचारण्याचा रिवाज नाही. पिणे थांबविण्याची इच्छा एवढीच अट. बोलण्याची सक्तीही नसते. मागच्या खुर्चीवर बसून नुसते ऐकण्याची पूर्ण मुभा आहे.

पहिल्याच दिवशी मन रमले नाही, तर सभेविषयी कायमचा निकाल देऊ नये. किमान सहा वेळा जावे, मग हवी तर दुसरी सभा पाहावी. मात्र जेथे डॉक्टरांची औषधे बंद करण्याचा आग्रह होतो, तेथे थांबू नये. स्त्रियांना पुरुषांच्या गर्दीत संकोच वाटत असेल, तर स्त्री-सदस्यांची चौकशी त्यांनी आधीच निःसंकोचपणे करावी.

कुटुंबीयांनी स्वतःलाही विसरू नये. ‘अल्-अॅनॉन’ हा नातेवाइकांचाच समूह आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट या दांपत्याने १९८६ साली पुण्यात उभारलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालविला गेला, कारण पिणाऱ्याच्या आजाराने सारे घरच आजारी पडते.

वाचकहो, सभेतून निघताना निदान एका सदस्याचा दूरध्वनी क्रमांक मागून घ्या, आणि तलफ अनावर होण्याची वाट न पाहता, दिवेलागणीपूर्वीच त्याला फोन करा. ॲक्रनमध्ये बिल विल्सननेही प्याल्याऐवजी फोनच उचलला होता. आणि त्या फोनने त्याच्याबरोबर एका डॉक्टरचाही जीव वाचला.