पंचांना दिसलं नाही तरी

अगं, कॉलेजच्या कबड्डी संघात तुझं नाव आल्यापासून घरात नुसतं तुझ्या चढाईचं आणि नव्या बुटांचं कौतुक चाललंय. चालू दे. मला तुझ्याशी जरा वेगळं बोलायचंय. बोनस कधी घ्यायचा, कोपऱ्यात कधी शिरायचं, हे सर शिकवतील. मैदानात वागायचं कसं, हे मात्र कुणी बसवून सांगत नाही. मुली एकमेकींचं बघून शिकतात, आणि नको त्या गोष्टी आधी उचलतात.

पहिलं सांगते ते हात वर करण्याचं. समजा तू बचावात आहेस, चढाईवाली वळली आणि तिच्या बोटांची टोकं तुझ्या गुडघ्याला लागली. सरपंच, दोन पंच, रेषांवरचे साहाय्यक, सगळे डोळे लावून असतात. तरी बारा बाय आठ मीटरच्या जागेत एवढ्या जणी एकदम हलतात, तेव्हा एखादा ओझरता टच निसटतोच. तो झाला की नाही हे दोघींनाच माहीत असतं, तिला आणि तुला. लालबाग-परळच्या गल्लीतल्या सामन्यांत तू पाहिलं असशील, मातीवर वाढलेले जुने खेळाडू टच झाला की शिट्टीची वाट न बघता हात वर करून सरळ बाहेर जातात. मला ते दृश्य कुठल्याही पकडीपेक्षा जास्त आवडतं. तूही तसंच कर. कर्णधार चिडेल, शेवटच्या मिनिटाला तर फारच चिडेल. म्हणून हे तिला आधीच सांगून ठेव, सरावाच्या वेळी, सगळ्यांसमोर. एकदा सांगितलं की ऐन सामन्यात तुला ठरवत बसावं लागणार नाही.

तुझे विद्यापीठाचे सामने मरीन लाइन्सच्या बाजूला असले तर जवळच वानखेडे दिसेल. तिथे फेब्रुवारी १९८० मध्ये सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली, भारत विरुद्ध इंग्लंड. गुंडप्पा विश्वनाथ कर्णधार होता. भारताच्या २४२ धावांसमोर इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेले होते. यष्टिरक्षक बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता, चेंडू बॅटला लागलेला नाही याची त्याला खात्री होती. त्याने पंचांना सांगून टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि इयान बोथम यांनी १७१ धावांची भागी केली, बोथमने शतक ठोकलं, आणि भारत तो सामना दहा गड्यांनी हरला. ही गोष्ट सांगताना लोक पराभवाचा भाग पटकन उरकतात. मी मुद्दाम सांगते, कारण खरं वागलं की फळ मिळतंच असं मी तुला सांगणार नाही. कधीकधी सामना जातो. विश्वनाथचा गेला. तरीही मला वाटतं त्याने केलं तेच बरोबर होतं, आणि बोथमची ती खेळी जितकी आठवली जाते तितकीच आदराने त्या परत बोलावण्याचीही आठवण निघते.

याचा अर्थ मऊ खेळ असा घेऊ नकोस. मुंबईचं क्रिकेट खडूस म्हणून ओळखलं जातं. शिवाजी पार्कवर घडलेली मुलं विकेट सहजासहजी टाकत नाहीत. तसंच खेळ. समोरची कितीही नावाजलेली असो, तिला एक बोनस फुकट देऊ नकोस. पकड घातलीस की पूर्ण ताकदीने घाल. पण पायांची कात्री घालून तिला पाडू नकोस, तिचा दम तोडायला तोंड दाबू नकोस, केस किंवा कपडे ओढू नकोस. हे सगळे फाउल आहेत, आणि त्यांना कारण आहे. कात्रीत अडकलेला गुडघा वाकड्या दिशेला वळला तर त्या मुलीचं अख्खं वर्ष जातं. कधीकधी खेळच सुटतो. नखं कापून ये, अंगठी-कानातलं काढून ये, अंगाला तेल लावू नकोस. नियमांत हे लिहिलेलं आहे आणि पंच तपासतातही, पण तपासण्याची वेळच येऊ नये. शिस्तभंगाला हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं मिळालं की दोन मिनिटं बाहेर. महिलांचा अर्धा डाव पंधरा मिनिटांचा असतो, त्यातली दोन मिनिटं संघ एक जण कमी घेऊन खेळणार. लोण चढायला तेवढं पुरतं. तुझ्या तोंडून निघालेल्या एका शब्दाची किंमत बाकीच्या सहा जणी मोजतात.

आणि पंचांशी बोलायचं ते कर्णधाराने. निर्णय चुकला असं वाटलं तरी तू दात-ओठ खात त्यांच्या अंगावर जायचं नाहीस. कर्णधाराला सांग, ती बोलेल. सामना संपल्यावर समोरच्या मुलींशी हस्तांदोलन डोळ्यांत बघून कर, नुसती बोटं लावून पुढे पळू नकोस. त्यातल्याच दोघी-तिघी पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या संघात तुझ्या शेजारी साखळी धरून उभ्या असतील.

आता जे घरात कुणी उघड बोलत नाही ते बोलते. आपल्याकडे कबड्डी म्हणजे नोकरी. गिरण्यांच्या संघांनी, रेल्वेने, बँकांनी कित्येक घरं उभी केली. आजही सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे प्रमाणपत्राच्या कागदाला फार किंमत आली, आणि किंमत आली की खोटेपणाही येतो. आपल्या राज्यात न खेळलेल्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं दाखवून लोक नोकरीला लागले आणि पुढे पकडले गेले. ट्रॅम्पोलिनचं प्रकरण तर गाजलंच. त्यांनी ज्यांच्या जागा घेतल्या ते पहाटे उठून सराव करणारे खरे खेळाडू होते, याचा मला आजही राग येतो. तुझ्यासमोर प्रश्न लहान रूपात येईल. कुणी म्हणेल, पात्रता अर्जावर जन्मतारखेचं जरा बघून घेऊ. कुणी म्हणेल, ही मुलगी आपल्या कॉलेजची नाही, पण एका सामन्यापुरती उतरवू, तू काही बोलू नकोस. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची, बारावीनंतरच्या वर्षांची, त्या वर्षी खरोखर शिकत असण्याची अट असते. स्वतःचा अर्ज स्वतः वाचल्याशिवाय सही करू नकोस. त्याची झेरॉक्स घरी ठेव.

वजनाचंही तेच. वरिष्ठ महिला गटाला ७५ किलोची मर्यादा असते, आणि वजनाच्या आदल्या दिवशी पाणी पिणं बंद करणाऱ्या मुली असतात. तू त्यात पडू नकोस. वजन दोन महिने आधीपासून सांभाळ, नाहीतर सरांना स्पष्ट सांग.

जिममधल्या दादाने दिलेली पावडर, गोळी, इंजेक्शन यांतलं काहीही घेऊ नकोस. उत्तेजक द्रव्यांच्या नियमात ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका नसते; तुझ्या शरीरात जे सापडेल त्याला तू जबाबदार. बंदी चार वर्षांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे तुझं सगळं कॉलेजच गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, लोक तपासणीला आल्याचं कळलं आणि शंभर मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उरला. त्या एकट्या मुलाला आपण खरे किती वेगवान आहोत हे त्या दिवशी कळूच शकलं नाही, मला त्याचंच वाईट वाटतं. सर्दी-खोकल्याचं औषध घेतानाही डॉक्टरांना आधी सांग की मी खेळाडू आहे. नाडाचं ‘नो युअर मेडिसिन’ नावाचं अ‍ॅप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघता येतं.

एवढं सगळं ऐकून तुला वाटेल, ताई म्हणते सगळं निमूट सोसायचं. मुळीच नाही. शिस्त वेगळी आणि कुणाचाही हात खांद्यावर नको तितका वेळ राहू देणं वेगळं. पंचांचा निर्णय मानायचा, पण ‘फिटनेस बघतो’ म्हणून एकटीला खोलीत बोलावणाऱ्याचं मानायचं नाही, मग त्याने कितीही पदकं मिळवून दिलेली असोत. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार शिबिरं आणि क्रीडा स्पर्धांची ठिकाणंही कॉलेजच्या आवारातच धरली जातात. म्हणजे नागपूरला स्पर्धेला गेलीस आणि तिथे काही झालं, तरी तक्रार इथे करता येते. साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. समितीतल्या बाईंचं नाव आणि नंबर प्रवासाला निघायच्या आधी फोनमध्ये टाक. संघातल्या दुसऱ्या मुलीला असा त्रास होताना दिसला तर तिच्यासोबत तू जा. संघातून काढतील म्हणून गप्प बसायचं असा सल्ला कुणी दिला, अगदी घरातल्या कुणी दिला, तरी आधी मला फोन कर. रात्री दोन वाजता केलास तरी मी उचलेन.

पहिल्या सामन्याला आम्ही सगळे येतोय. काकांना मी बजावून ठेवलंय की पंचांच्या नावाने ओरडायचं नाही आणि समोरच्या मुलींची टिंगल तर अजिबात नाही. त्यांनी कबूल केलंय. तू फक्त सामना कुठे आणि किती वाजता आहे ते आदल्या दिवशी कळव, दादरहून गाडी पकडायला तेवढा वेळ लागतो.