घरचे पिंप आणि गावचा ताप
(आरोग्यशिक्षण : वरच्या इयत्तांसाठी पाठाची पूर्वतयारी)

पावसाळा अर्धा सरला, की नवी मुंबईच्या वसाहतींतून आणि तिच्या कुशीत राहिलेल्या दिवाळे, सारसोळे, करावे यांसारख्या जुन्या आगरी-कोळी गावांतून संध्याकाळी धुराची गाडी फिरू लागते. मुले तिच्यामागे धावतात. वडीलधारी माणसे घाईघाईने खिडक्या लावून घेतात आणि धूर विरल्यावर ‘आता डास मेले’ अशा समाधानाने पुन्हा उघडतात. आठवडाभरात डास पूर्ववत् होतात; मग औषध भेसळीचे होते, गाडी आपल्या गल्लीत थांबलीच नाही, पलीकडच्या खारफुटीतून डास येतात, अशी मते ओटीवर आणि रेल्वेच्या डब्यात ऐकू येतात. ही मते विद्यार्थी घरून घेऊनच वर्गात येतो. म्हणून या पाठाचा आरंभ डासाच्या आकृतीपासून न करता या मतांपासून करणे श्रेयस्कर होय.

धुराच्या गाडीविषयी प्रथम स्पष्टता हवी. धुराबरोबर सोडलेले कीटकनाशक उडत असलेल्या प्रौढ डासाच्या अंगाला लागले, तरच तो मरतो. पाण्यातील अळीला आणि कोषाला त्याचा स्पर्शही होत नाही. शिवाय खिडक्या लावून घेतल्या, म्हणजे कपाटामागे व टांगलेल्या कपड्यांच्या आड बसलेला डेंगीचा डास घरात सुरक्षितच राहतो. याचा अर्थ फवारणी निरुपयोगी आहे असा नव्हे. हिवतापाच्या रुग्णाचे रक्त शोषल्यानंतर डासाच्या शरीरात रोगाचे जंतू तयार होण्यास साधारणतः १० ते १४ दिवस लागतात, आणि साथ भडकली असता असे जंतुवाहक डास लवकर मारणे उपयुक्त ठरते. परंतु ज्या पाण्यातून रोज नवे डास निघत आहेत, ते पाणी तसेच ठेवून केवळ धूर सोडीत राहणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे.

मग ते पाणी कोणते? येथे बहुतेकांचे, आणि कित्येक शिक्षकांचेही, उत्तर ‘गटार’ असे येते. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो तो क्युलेक्स जातीचा डास. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुधा तोच असतो आणि हत्तीरोगाचा प्रसार त्याच्यामुळे होतो. शहरी हिवताप पसरविणारा अ‍ॅनॉफेलिस स्टीफेन्सी व डेंगी पसरविणारा एडिस इजिप्ती हे दोघे मात्र मुख्यतः माणसाने साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात : गच्चीवरची टाकी, उघडा हौद, न्हाणीघरातले पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, अंगणात पडलेली करवंटी, दुकानापुढे रचलेले जुने टायर. ज्या घरात गटार स्वच्छ ठेवण्याचा अभिमान आहे, त्याच घरात मनी प्लांटच्या बाटलीत अळ्या वळवळत असतात, हा अनुभव नवा नाही. खारफुटीवर येणारा आरोपही याच कसोटीवर पाहावा. खाडीकाठचा चिखल उपसून किंवा झाडे तोडून टाकीतला डास कमी होत नाही. उलट भरतीच्या लाटेला थोपविणारी भिंत तेवढी जाते.

नवी मुंबईचे उदाहरण पाठासाठी विशेष उपयोगी आहे, कारण तेथे भूमी, तंत्र आणि सवय या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे जिल्ह्यातील आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवे शहर वसविण्याचे ठरले. या क्षेत्रात भातखाचरे होती, मिठागरे होती, खाडीच्या पाण्याने भिजणारी खाजणे होती. सखल जमिनीवर शहर उभारायचे, तर भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला असता पाणी तुंबणार, हे उघड होते. त्यावर योजलेला उपाय म्हणजे धारण तलाव. भरतीच्या वेळी झडपा मिटून खाडीचे पाणी आत येत नाही, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटी लागताच ते खाडीकडे वाहून जाते. कल्पना साधी आणि चतुर आहे. मात्र गाळ काढणे, झडपा चालू राखणे, सांडपाणी तलावात शिरू न देणे ही कामे वर्षानुवर्षे करावी लागतात. ती थांबली, की पुराचा धोका वाढतो आणि क्युलेक्स डासाला पाळणाघर मिळते. यंत्रणा कितीही शहाणपणाने आखली, तरी तिच्या मागे कोणाची तरी नित्याची निगा लागते, हे मुलांना या तलावांवरून चांगले उमगेल.

दुसरी बाब बांधकामाची. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. त्यापुढच्या काळात ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आणि पलीकडे खारघर, कामोठे, उलव्यापर्यंत इमारती उठत राहिल्या. नवा स्लॅब पक्का होण्यासाठी त्यावर कडा बांधून पाणी साठवितात. लिफ्टच्या खड्ड्यात आणि तळघरात पाणी राहते. मजुरांच्या वस्तीत उघडी पिंपे असतात. स्टीफेन्सी डासाला याहून सोयीची जागा नाही. त्यातच हिवतापाच्या प्रदेशातून आलेल्या एखाद्या मजुराच्या रक्तात जंतू असले, तर साखळी पुरी होते. अशा वेळी ‘परक्या माणसांनी रोग आणला’ असे बोलले जाते. वर्गात हे वाक्य आले, तर शिक्षकांनी ते तसेच सोडू नये. मजुराने स्वतःबरोबर डास आणलेला नसतो. डास स्लॅबवरच्या पाण्यात तयार झालेला असतो आणि त्या पाण्याची जबाबदारी काम करविणाऱ्याची असते. मजूर तर मच्छरदाणीवाचून उघड्यावर झोपणारा पहिला बळी होय.

हा डास मुंबईला नवीन नाही. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे अ‍ॅनॉफेलिस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. त्यानंतर काही वर्षांनी डॉ. चार्ल्स बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाची पाहणी केली आणि १९११ च्या अहवालात शहरातील विहिरी व टाक्यांकडे बोट दाखविले. विहिरी बुजविण्याचा किंवा बंदिस्त करण्याचा उपाय पुढे आला, तेव्हा लोकांनी विरोध केला. त्या विहिरींशी पूजाविधी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा जोडलेली होती, शिवाय इतक्या निर्मळ पाण्यातून ताप येतो हे पटणे कठीण होते. आज त्या विरोधाला हसू नये. गच्चीवरच्या टाकीचे झाकण उचलून पाहण्यास सांगितले असता ‘आमचे पाणी स्वच्छ आहे’ असे उत्तर देणारा मनुष्य त्याच जागी उभा आहे. हाच स्टीफेन्सी डास २०१२ साली आफ्रिकेच्या शिंगावरील जिबूती येथे आढळला आणि तेथून इतर देशांतही पोहोचला. खेड्यात पाऊसकाळी येणारा हिवताप शहरातही बारमाही होईल, ही चिंता त्यामुळे त्या खंडाला लागली आहे.

औषधाच्या सामर्थ्यावर विसंबण्याचा मोठा धडाही आपल्याच देशात घडला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारली गेली आणि १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास उतरली. हे यश असामान्य होते. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु डासांत औषधाला प्रतिकार निर्माण झाला, फवारणी ढिली पडली आणि शहरांतील पाणीसाठ्यांकडे पुरेसे लक्ष गेले नव्हते. शहरांसाठी वेगळी हिवताप योजना १९७१ मध्ये आली. १९७६ साली देशात ६४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. सहावी-सातवीच्या मुलांना हे तीन आकडे फळ्यावर लिहून द्यावेत आणि मधल्या काळात काय घडले असावे, हे त्यांनाच विचारावे. कारणे त्यांच्याकडून निघतात.

आजच्या घरात डीडीटीची जागा वळी, विजेवर तापणाऱ्या औषधी कुप्या आणि जाळीची रॅकेट यांनी घेतली आहे. मोबाईलमधून सूक्ष्म ध्वनी सोडून डास पळविण्याचे दावेही होतात. अशा ध्वनियंत्रांच्या चाचण्यांत डासांचे चावणे कमी झाल्याचे दिसलेले नाही. मच्छरदाणी व खिडकीची जाळी या जुन्या वस्तू अजून अधिक भरवशाच्या आहेत. डेंगीचा डास दिवसा चावतो. त्यामुळे दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी, आणि शाळेत पूर्ण बाह्यांचा सदरा हे काही केवळ शिस्तीचे चिन्ह नव्हे.

ताप आल्यावरच्या मतांविषयी शिक्षकांनी अधिक सावध असावे, कारण येथे चूक जिवावर बेतते. ताप आलेल्या मुलाचे रक्त त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात जंतू यकृतात दडून राहतात; त्यासाठी डॉक्टर प्रिमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. दीड-दोन महिन्यांनी तोच ताप पुन्हा येतो आणि ‘औषध लागू पडले नाही’ असे म्हटले जाते. डेंगीत याच्या उलट फसगत होते. ताप उतरला म्हणजे धोका टळला असे घरच्यांना वाटते, पण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरत असतानाच, प्रकृती ढासळण्याचा संभव असतो. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, मूल मलूल होणे, यांपैकी काहीही दिसले तर पपईच्या पानांचा रस देत न बसता रुग्णालय गाठावे. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

वैयक्तिक जबाबदारीची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्या पाड्यावर पाणी एक दिवसाआड येते, ज्या वसाहतीत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील आईने पिंप भरून ठेवू नये असे कोणत्या तोंडाने सांगावे? तिची साठवण हा आळस नसून काटकसर आहे. तिला सांगायचे ते एवढेच, की पिंपावर घट्ट झाकण किंवा बांधलेले कापड हवे, आणि आठवड्यातून एक दिवस ते रिकामे करून घासायचे. घासायचे अशासाठी, की एडिस आपली अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटविते. ती कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागताच फुटतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. अंड्यापासून डास होण्यास आपल्या हवेत सात ते दहा दिवस लागतात. आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ या हिशेबावर ठरला आहे. एडिस फार दूर उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच वावरतो. म्हणून चावणारा डास बहुधा आपल्या किंवा शेजारच्या घरचाच असतो, हे वाक्य पालकसभेत थोडे अप्रिय वाटले तरी सांगावे. नियमित पाणी देणे हे ज्यांचे काम, त्यांनाही ते तितक्याच स्पष्टपणे सांगावे लागेल.

प्रत्यक्ष कामासाठी जून महिना योग्य, कारण राज्यात तो हिवताप प्रतिरोध महिना म्हणून पाळला जातो. पाचवीच्या मुलांनी आधी शाळेची स्वतःची पाहणी करावी. टाकीचे झाकण, पाण्याचा हौद, छपरावरची पन्हळ, कोपऱ्यात टाकलेल्या मोडक्या वस्तू पाहाव्यात. शाळेच्याच हौदात अळ्या सापडल्या तर लाजू नये. तो दिवस उत्तम पाठाचा होय. अळी ओळखण्याची खूण मुलांना आवडते. अ‍ॅनॉफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते, क्युलेक्सची डोके खाली करून तिरपी लोंबते. मग प्रत्येक मुलाने आपल्या व शेजारच्या एका घरची पाहणी करून वहीत भांडे, झाकण व अळी अशी नोंद करावी. कोणाच्या घरचे नाव मात्र वर्गात वाचून दाखवू नये. हौद रिकामा करता येत नसेल तर गप्पी मासे सोडावेत. त्रिनिदादमधील गपी नावाच्या अभ्यासकावरून या माशाचे नाव पडले. तो अळ्या खातो आणि अंडी न घालता थेट पिले देतो, म्हणून लवकर वाढतो. नदी-तळ्यात मात्र तो सोडू नये, तेथील देशी माशांना त्याचा उपद्रव होतो.

वर्गात ठेवण्यासाठी काचेच्या बरणीत दहा-बारा अळ्या त्याच पाण्यात घ्याव्यात आणि तोंडावर दुहेरी मलमल दोऱ्याने घट्ट बांधावी. अळीचा कोष कोणत्या दिवशी झाला, डास कोणत्या दिवशी दिसला, हे मुलांनी रोज तारीखवार लिहावे. डास दिसू लागले, की कापड न सोडता बरणी उन्हात ठेवावी. ते मेल्याची खात्री झाल्यावर पाणी गटारात न ओतता अंगणातील कोरड्या मातीवर पसरून टाकावे आणि बरणी आतून घासून पालथी ठेवावी.